भट्टीत सगळंच भंगार टाकता का?

प्रश्न : मी उद्यमनगरात फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी भूगोलात बीए झाली, दोन वर्षं राज्यसेवेची तयारी करते. पहिली पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली. घरी तीन पेपर येतात, चालू घडामोडींची दोन मासिकं आहेत, टेलिग्रामची अकरा चॅनेल लावून दिलीत. कामावरून मीही दिवसभर महत्त्वाचं तेवढं पाठवत असतो. एका दिवसाची यादी सोबत जोडली आहे. तरी तिचं लक्ष नाही. परवा वाचनालयात इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर उघडून बसली होती आणि वहीत राधानगरी धरणाच्या दरवाजांची गणितं! हा टाइमपास कसा थांबवावा? आणि अजून काय वाचायला द्यावं?

– एक पालक, कोल्हापूर

उत्तर :

नमस्कार. तुमची यादी मी मोजली. सत्तेचाळीस. पहिला मेसेज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, शेवटचा रात्री सव्वाअकराला. पोरगी जेवायला बसली तेव्हाही तीन गेलेत. पत्र वाचताना मार्कांची काळजी मला वाटली नाही, या यादीची वाटली.

यादीतले नऊ मेसेज पाण्याचे आहेत. राधानगरीचे दोन दरवाजे उघडले, चार उघडले, पुन्हा दोन, मग ‘धरणातून पाणी सोडलं, सावधान’. महामार्गावर पाणी आल्याचा जो व्हिडिओ आहे तो २०१९ चा. तेव्हा मलाही तीन जणांनी पाठवला होता. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर दोन लांबलचक भाषणं आहेत. त्यातल्या एकातही ही उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याचा वाद आहे, एवढं साधं वाक्य नाही. हे सगळं वाचून पंचगंगा किती फुटांवर आहे, तेही कळत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ ही धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळेतलं पोर सांगतं. त्या दिवशीचा आकडा तेवढा सत्तेचाळीस मेसेजमध्ये कुठेच नव्हता.

आता तिच्या वहीतलं पान बघा. फोटो तुम्हीच जोडलात, तक्रार म्हणून. वर लिहिलंय : ‘एक स्वयंचलित दरवाजा, १४२८ क्युसेक. सात दरवाजे.’ खाली गुणाकार, ९९९६, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. त्याखाली प्रश्न : ‘दरवाजे पातळी गाठली की आपोआप उघडतात, मग पाणी सोडलं असं का म्हणतात? कोण सोडतं?’ बाजूला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती अशी नद्यांची नावं आणि चिखलीकडे वळणारा बाण. एवढं बघून तुम्हाला टाइमपास वाटला? मी या कामात बरीच वर्षं आहे. तयारी करणाऱ्या पोरांच्या वह्यांत मला उत्तरंच उत्तरं दिसतात, स्वतःला पडलेला प्रश्न क्वचित दिसतो.

‘चालू घडामोडी म्हणजे जास्तीत जास्त बातम्या’ हा समज कुणी पसरवला देव जाणे. मासिकं विकणाऱ्यांना तो सोयीचा आहे, हे मात्र खरं. परीक्षेला बातमी लागते ती दारावरच्या बेलइतकी. बेल वाजली की दार उघडून आत जायचं असतं, दिवसभर बेल ऐकत बसायचं नसतं. पुराची बातमी आली, तर आत नदीखोरं आहे, धरणाचं परिचालन आहे, पूररेषा आहे, दोन राज्यांचा पाणीतंटा आहे. २०१९ च्या महापुरानंतर सरकारने पुराच्या अभ्यासासाठी वडनेरे समिती नेमली होती. तिचा अहवाल चार बैठकांत वाचून, वही मिटून, स्वतःच्या शब्दांत दोन पानं लिहिता आली तर ते वर्षभराच्या फॉरवर्डपेक्षा जास्त टिकेल. आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. गुणवत्तेत धरले जाणारे १७५० गुण लिहून मिळवायचे, त्यात २५० चा निबंधच. उत्तरपत्रिकेत पर्यायांच्या गोळ्या रंगवायचे दिवस पूर्वपरीक्षेपुरते उरलेत.

तुम्ही फौंड्रीतले. भट्टीत भंगार टाकताना निवडून टाकता की आलं ते सगळं? गंजकं, रंग लागलेलं, कुठल्या धातूचं माहीत नसलेलं भंगार बाजूला काढता. रस ओतायच्या आधी वरची मळी काढता. ती राहिली तर कास्टिंग रिजेक्ट होऊन परत कुणाच्या नावावर येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. मग लेकीच्या डोक्यात न निवडता का ओतताय? रागावू नका, पण ते सत्तेचाळीस मेसेज तुम्ही तरी शेवटपर्यंत वाचलेत का? मला वाटतं, शिफ्टमध्ये काळजी दाटून आली की तुमचं बोट ‘फॉरवर्ड’वर जातं. काळजी खरी आहे. ती संध्याकाळी चहाच्या वेळी तोंडाने सांगा.

तर आजपासून पाठवणं बंद, म्हणजे पूर्ण बंद. तीनपैकी दोन पेपर उद्या बंद करायला सांगा. कुठला ठेवायचा ते ती ठरवेल. चॅनेल काढून टाकू दे, लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावरच्या सूचना पाहिल्या की पुरे. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर उघड्या असाव्यात. काय वाचायचं आणि काय सोडायचं, ते त्यांच्याइतकं चांगलं कुठलाच क्लास सांगत नाही. राज्याची आर्थिक पाहणी दर वर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास येते, ती मूळची वाचावी, कुणी काढलेलं सार नको. शब्द अडला तर मराठी विश्वकोश फुकट आहे. सीसॅट, म्हणजे पूर्वपरीक्षेतला कलचाचणीचा पेपर, ही ३३ टक्क्यांची पात्रता आहे, तिला आठवड्याचे दोन तास ठेवा आणि विसरा.

गॅझेटियर मात्र हिसकावू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आपल्या गावात आहे. तिथे बसून १८८६ चं पुस्तक स्वतःहून उघडणारी मुलगी तुमच्या घरात आहे, हे माझ्या मते त्या हुकलेल्या पूर्वपरीक्षेपेक्षा महत्त्वाचं आहे.

आणखी एक खटकलं. एवढ्या पत्रात ‘तिला काय हवंय’ हे एकदाही आलेलं नाही. त्या पानावरून मला तर पाण्याचा आणि नकाशांचा नाद लागलेली मुलगी दिसते. भूगोलात एमए, जीआयएस म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, जलव्यवस्थापन हे रस्ते तिने पाहिलेत का? कदाचित राज्यसेवाच तिला मनापासून हवी असेल, तर उत्तम. पण ते मला तिच्या अक्षरात वाचायचं आहे. पुढचं पत्र तिला लिहू दे, तुम्ही तपासू नका.

आज रात्री तिच्याजवळ बसून एवढंच विचारा, की तो दरवाजा आपोआप उघडतो तो नेमका कसा. यंत्राच्या गोष्टीत तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त कळतं, कदाचित तुम्हीच तिला समजावून सांगाल.