हिशेब चोख, तरी बोलणी का?

प्रश्न : मी आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचा खजिनदार आहे. नाताळच्या कार्यक्रमाची वर्गणी लोक माझ्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयने पाठवतात. एक रुपयाही मी खाल्लेला नाही. तरी पंचमंडळातले एक काका घरी येऊन म्हणाले, "हे बरोबर नाही, बंद कर." अपमान वाटला. राजीनामा देऊ का?

उत्तर : राजीनामा देऊ नका. हिशेब न देता खुर्ची सोडलीत, तर नसलेला संशयही उभा राहील.

आधी काकांचे शब्द आठवतील तसेच्या तसे कागदावर लिहा. ते "हे बरोबर नाही" म्हणाले, "तू चोर आहेस" म्हणाले नाहीत. पद्धतीवरचा आक्षेप आपण चारित्र्यावर ओढवून घेतो आणि मग न झालेल्या आरोपाला उत्तर देत बसतो. दुसरे असे, की ते एकटे आणि घरी आले. चुकलेल्या भावाला समजावण्याची, बायबलमध्ये मत्तय १८:१५ मध्ये प्रभू येशूने सांगितलेली पहिली पायरी हीच. एकदोघांना सोबत नेणे आणि मंडळीला कळवणे या पायऱ्या त्यापुढच्या. काकांनी तुमची लाज राखली आहे.

आता आक्षेपाबद्दल. काकांचे म्हणणे रास्त आहे. यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी, गोळा केलेले दान पोहोचवताना प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याला आणि आणखी दोन बंधूंना कामात घेतले. कारण त्यानेच करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिले आहे (२ करिंथ ८:२०-२१) : एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार चांगला दिसावा. पौलाला जे कमीपणाचे वाटले नाही ते आपल्याला का वाटावे?

येत्या १५ दिवसांत खात्याचा उतारा काढून वर्गणीच्या नोंदींवर खूण करा. वर्गणीदाराचे नाव, तारीख, रक्कम आणि पावती क्रमांक अशी यादी करा, खर्चाची बिले वेगळी लावा. दोनशे-तीनशे रुपये जुळले नाहीत, तर खिशातून भर घालून बेरीज बसवू नका. मनाचा मोठेपणा म्हणून पुष्कळ जण असे करतात आणि चूक कुठे झाली ते कायमचे झाकले जाते. ती रक्कम 'तफावत' म्हणून दाखवा, भरायची की नाही ते पंच ठरवतील. शिल्लक मंडळीच्या किंवा संघाच्या नावाच्या, दोघांच्या सह्या लागणाऱ्या खात्यात जमा करा. रोख वर्गणी यापुढे दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची.

यादी पंचांपुढे ठेवायच्या आधी काकांना दाखवा. "पण माझा हेतू..." एवढे मात्र बोलू नका. हेतूबद्दल त्यांनी विचारलेलेच नाही.

प्रश्न : नीतिसूत्रे १५:२२ म्हणते, मसलत देणारे पुष्कळ असावेत. परगावच्या नोकरीबद्दल मी नऊ जणांना विचारले, नऊ मते आली. कोणाचे ऐकू?

उत्तर : नऊ जणांना विचारताना बहुधा तुम्ही मनाजोगते उत्तर शोधत होता. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा यानेही आधी वडीलधाऱ्यांना विचारले, मग बरोबर वाढलेल्या तरुणांना (१ राजे १२), आणि पटले तेच धरले. राज्याचे दोन तुकडे झाले. तिघे पुरेत : कामाची माहिती असलेला, तुमचा स्वभाव जाणणारा आणि तोंडावर "नको" म्हणू शकणारा. तिघांना एकाच शब्दांत विचारा, आपला कल आधी सांगू नका. उत्तरापेक्षा त्यामागचे कारण लिहून घ्या. तुमच्या जाण्या-राहण्यात ज्याचा फायदा-तोटा आहे त्याचेही ऐका, पण नावापुढे तसे नमूद करून.

प्रश्न : चूक कबूल केली, सुधारलीही. दोन वर्षे झाली, तरी महिला मंडळाच्या सभेत एक ताई तीच उकरून काढतात.

उत्तर : याला बोध म्हणत नाहीत. करिंथच्या एका माणसाला मंडळीने शिक्षा केली, तेव्हा पौलाने लिहिले की झाली तेवढी पुरे, आता क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २:६-८). ताईंना सभेबाहेर एकटे गाठा आणि विचारा, "त्यात अजून काही दुरुस्त करायचे राहिले आहे का?" राहिले असेल तर करा. नसेल आणि तरी बोलणे थांबले नाही, तर पुढच्या वेळी पाळकीणबाईंना सोबत न्या.