स्टबर्न म्हणू की टेनेशियस?

चिकाटीचे इंग्रजी शब्द शिकताना समानार्थी शब्दांची यादी पाठ करत बसू नकोस. आधी एवढंच बघ: बोलणारा कौतुक करतोय की वैतागलाय? ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९४८ मध्ये बीबीसी रेडिओवर हे एका ओळीत दाखवलं होतं: मी 'फर्म' (ठाम), तुम्ही 'ऑब्स्टिनेट' (हट्टी), तो मात्र 'पिगहेडेड' (अडेलतट्टू) मूर्ख! हट्ट तोच, फक्त माणूस बदलला.

'टेनेशियस'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'धरून ठेवणं' आहे, घोरपडीसारखी पकड. म्हणून तो बहुधा कौतुकाचा. 'स्टबर्न' हट्टी माणसालाही लागतो आणि शर्टावरच्या हळदीच्या डागालाही. 'पर्सिस्टंट' मला सगळ्यात सोयीचा वाटतो, पण जपून: 'पर्सिस्टंट सेल्समन' म्हणजे पिच्छा न सोडणारा आणि 'पर्सिस्टंट कफ' म्हणजे हटता न हटणारा खोकला. नोकरीच्या अर्जात स्वतःला 'अ‍ॅडमंट' तर मुळीच लिहू नकोस. कुणी कितीही समजावलं तरी जागचा न हलणारा, असा त्याचा सूर. तिथे 'पर्सिव्हिअरन्स' (चिकाटी) बिनधास्त वापर. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या रोव्हरला नासाने तेच नाव दिलंय.

व्याकरणात एकच अडतं: 'पर्सिस्ट'नंतर क्रियापद आणायचं तर मध्ये 'इन' घालायचं आणि पुढे आयएनजीचं रूप, 'टू' नाही. 'dogged' (चिवट) या विशेषणाचा उच्चार 'डॉग्ड' नव्हे, 'डॉगिड'. 'पर्टिनेशियस'सारखे जड शब्द वाचताना कळले तरी पुरे, बोलताना फारसं कुणी वापरत नाही.