डिंकाचं गाव
प्रश्न: मुलगी-जावई ग्रीसला चाललेत, पण सँटोरिनीची गर्दी नको म्हणतायत, एखादं साधं गाव सुचवा की. – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, त्यांना खिऑस बेटावरच्या पिर्गीला पाठवा. तिथं घरांचा वरचा पांढरा गिलावा खरवडून खालचा काळा थर दिसेल अशी भिंतभर नक्षी काढलेली असते, रांगोळीच जणू, अन् बाल्कनीत टोमॅटोच्या माळा! आपल्या बाभळीच्या डिंकासारखा तिथं मस्तिखा, उन्हाळ्यात झाडाला चिरा पाडल्या की थेंब गळतात, ते वाळवून साफ करायचे, मग चघळा नाहीतर मिठाईत घाला, युनेस्कोनं २०१४ मध्ये या लागवडीला वारसा मानलंय. जवळच मेस्ता, तिथं कडेची घरं हीच तटबंदी, चाच्यांच्या भीतीनं बांधलेली. नेआ मोनी मठातली अकराव्या शतकातली मोझॅकचित्रंही बघावीत. येताना मस्तिखाचं पाकीट मात्र मागवाच.