वाचकांचे प्रश्न : कधीही न पाहिलेल्या शत्रूच्या वासाची भीती

प्रश्न : प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या उंदरांनी कोल्हा पाहिलेलाही नसतो. तरी कोल्ह्याच्या विष्ठेतल्या गंधद्रव्याचा वास आला की ते जागीच थिजतात. ही भीती येते कुठून?

उत्तर : वास ओळखणे आणि वासाला घाबरणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. उंदराच्या नाकात गंधग्राहकांचे सुमारे १००० प्रकार असतात आणि एका चेतापेशीत त्यांपैकी एकच. एका प्रकारच्या पेशी नाकात विखुरलेल्या असल्या तरी त्यांचे तंतू प्रत्येक घ्राणकंदात (वासाचा संदेश पहिल्यांदा पोचतो तो मेंदूचा भाग) साधारण दोनच गुच्छांत एकत्र येतात. या गुच्छाला ग्लोमेरुलस म्हणतात.

इथून वाटा फुटतात. पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, म्हणजे वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात, घ्राणकंदातून पुढे निघालेले तंतू मूठभर बी फेकावे तसे पसरतात. कोणत्या वासाने तिथल्या कोणत्या पेशी जाग्या होतील हे प्रत्येक उंदरात वेगळे असते, म्हणून तिथे वासाला अर्थ येतो तो अनुभवातून. अमिग्डाला या भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या मेंदूच्या भागाच्या कॉर्टिकल पट्ट्यात मात्र एका ग्लोमेरुलसकडून येणारे तंतू सगळ्या उंदरांत त्याच ठरलेल्या जागी पोचतात. २०१४ मध्ये संशोधकांनी हा भाग तात्पुरता बंद केला, तेव्हा कोल्ह्याच्या वासाची उपजत भीती गेली. एका गुलाबासारख्या वासाची उपजत ओढही गेली. शिकवलेली भीती मात्र शाबूत राहिली.

त्याआधी २००७ मध्ये जपानी संशोधकांनी नाकाच्या वरच्या पट्ट्यातल्या घ्राणपेशी काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. त्यांना कोल्ह्याचा वास येत होता, त्या वासाला टाळायला ते शिकूही शकत होते. पण आपोआप घाबरत नव्हते. आमच्या मते या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग हाच.

प्रश्न : फेरोमोनसाठी वेगळे नाक असते का?

उत्तर : फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेले, त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचे वर्तन बदलणारे रसायन. त्यासाठी उंदरांत वेगळे नाक असते. नाकाच्या पडद्याच्या तळाशी व्होमेरोनेझल इंद्रिय असते. मूत्रातली किंवा अश्रूंतली, सहज न उडणारी प्रथिनेही त्याला कळतात. त्यासाठी प्राण्याला नाक टेकवावे लागते. तिथला संदेश साहाय्यक घ्राणकंदातून अमिग्डालाच्या मीडियल भागाकडे आणि तिथून समागम, भांडण अशी वर्तने चालवणाऱ्या हायपोथॅलॅमसकडे जातो. या इंद्रियाच्या कामाला लागणारे टीआरपीसी२ (TRPC2) हे जनुक निकामी केलेले नर उंदीर परक्या नराशी भांडत नाहीत, उलट त्याच्याशीच समागमाचा प्रयत्न करतात (२००२). माणसात हे जनुक मुळातच निकामी आहे. पण फेरोमोनचे सगळे काम या इंद्रियाकडेच असते असे नाही : सशाच्या पिलांना स्तनाकडे ओढणारा दुधातला गंध मुख्य नाकानेच कळतो.

प्रश्न : महाविद्यालयात फळमाश्यांना व्हिनेगरच्या वासाची चाचणी द्यायची आहे. निकाल दर वेळी वेगळा येतो. काय चुकते?

उत्तर : बहुधा तीव्रता. पातळ व्हिनेगरकडे माश्या ओढल्या जातात. तीव्र केल्यावर आणखी एक ग्लोमेरुलस जागा होतो आणि त्याच माश्या पळू लागतात. हे २००९ मध्ये दाखवले गेले. म्हणून एकाच द्रावणावर न थांबता दहा-दहा पट पातळ केलेली तीन-चार द्रावणे घ्या.

दुसरे कारण भूक. उपाशी माशीची ओढ वाढते, कारण भुकेचा संकेत घ्राणपेशींचीच संवेदनक्षमता बदलतो. उपजत वर्तन म्हणजे न बदलणारे वर्तन नव्हे. सगळ्या माश्या सारख्याच वयाच्या घ्या आणि आदल्या दिवसापासून ओल्या कागदावर, अन्नाशिवाय ठेवा. कागद कोरडा पडला तर त्या तहानेने मरतील.

इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या नळीत एका वेळी ४०-५० माश्या सोडा. एका टोकाला द्रावण, दुसऱ्या टोकाला तेवढेच साधे पाणी ठेवा; पाणी विसरलात तर ओलाव्याची ओढ मोजली जाईल. खोलीत अंधार ठेवा किंवा मंद लाल दिवा लावा, कारण लाल प्रकाश माशीला फारसा दिसत नाही आणि उजेडाकडे जायची तिची सवय वासावर मात करते. एक मिनिटाने दोन्ही बाजूंच्या माश्या मोजा. वासाकडच्या संख्येतून पाण्याकडची वजा करून दोन्हींच्या बेरजेने भागा. मग बाजू बदलून पुन्हा करा. माश्या निवडताना त्यांना कार्बन डायऑक्साइडने बेशुद्ध केले असेल, तर किमान एक दिवस थांबा. प्लास्टिकची नळी वास धरून ठेवते, तेव्हा दर तीव्रतेला नवी नळी घ्या, आणि सुरुवात सगळ्यांत पातळ द्रावणापासून करा.