वाचक विचारतात : हिऱ्यात पैसे नेमके कशाचे मोजायचे?

प्रश्न : मुलाच्या साखरपुड्यासाठी सुनेला एका खड्याची अंगठी करायची आहे. सगळं धरून 90 हजारांच्या आत बसवायचं आहे. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात दोन गोल हिरे दाखवले. दोन्हींना प्रमाणपत्र आहे आणि किंमतही जवळपास सारखीच. एक 50 सेंटचा : रंग जे (इंग्रजी अक्षर जितकं पुढचं, तितका पिवळट), शुद्धता व्हीव्हीएस-2, कट (पैलू पाडण्याचा दर्जा) गुड. दुसरा 42 सेंटचा : रंग एच, शुद्धता एसआय-1, कट एक्सलंट. दुकानदार म्हणतात, पहिला घ्या, अर्धा कॅरेट पुरा आहे आणि आत डाग नाही. कोणता घ्यावा? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : दुसरा घ्या. पण एक अट आहे, ती पुढे येते.

प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स पाठवल्यात ते बरं केलंत, कारण खरी गोष्ट मापांच्या ओळीत आहे. 50 सेंटच्या हिऱ्याचा व्यास 4.95 मिलिमीटर आहे आणि 42 सेंटच्याचा 4.83. वजनात 8 सेंटचा फरक, पण वरून दिसणाऱ्या आकारात फक्त 0.12 मिलिमीटरचा. बोटात घातल्यावर तो कुणाला कळणार नाही. मग जास्तीचं वजन गेलं कुठे? पोटात. पहिल्याची खोली व्यासाच्या 65 टक्के आहे, दुसऱ्याची 61. गोल हिऱ्यात ती साधारण 59 ते 62.5 टक्के आणि वरचं सपाट टेबल 54 ते 58 टक्के असलं, की वरून गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच येतो. पोट जास्त खोल असेल तर तो बाजूने निसटतो आणि मध्यभाग काळवंडलेला दिसतो. टक्केवारी जमली म्हणजे सगळं जमलं असंही नाही, पैलूंचे कोनही बघावे लागतात. पण खोलीच 65 निघाली तर पुढे बघायची गरज उरत नाही.

आता शुद्धता. व्हीव्हीएस-2 मधले दोष 10 पट भिंगाखाली जाणकारालासुद्धा कष्टाने सापडतात. अंगठी तर भिंगाशिवायच बघितली जाणार, मग त्या शुद्धतेचे पैसे कशाला मोजायचे? एसआय-1 मधला दोष भिंगातून सहज दिसतो, नुसत्या डोळ्यांना बहुतेकदा दिसत नाही. इथे ती अट येते : दोष कुठे आहे ते बघा. टेबलच्या बरोबर खाली काळा ठिपका असेल तर तो हिरा सोडा. कडेला पांढरट रेघ असेल तर ती अंगठीत खडा धरून ठेवणाऱ्या नखीखाली झाकता येते. मात्र ती रेघ म्हणजे बारीक तडा असेल आणि गर्डलपर्यंत, म्हणजे हिऱ्याच्या कमरेच्या कडेपर्यंत आला असेल, तर नखी दाबताना तिथेच कपचा उडू शकतो. भिंग मागून घ्या, संकोच करू नका. मग भिंग बाजूला ठेवून वीतभर अंतरावरून पुन्हा बघा. डोळ्यांना काही खुपलं नाही, तर हिरा तुमचा.

रंगाचं म्हणाल तर अंगठी पिवळ्या सोन्याची असेल तेव्हा जे रंगही वरून खटकत नाही. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात मात्र तो पिवळट वाटू शकतो, तिथे एच बरा. आणि 'बेल्जियम कट' या शब्दावर जाऊ नका, तो कोणत्याही प्रमाणपत्रातला दर्जा नाही.

बजेटचं गणित उलटीकडून करा. 90,000 मध्ये 3 टक्के जीएसटी आलाच, तो काढला की 87,378 उरतात. त्यातून सोनं आणि घडणावळ वजा करा. समजा दोन्ही मिळून 40,000 झाले, तर हिऱ्यासाठी 47 हजारांच्या आसपास राहतात. दुकानात आधी हिरा ठरवला जातो आणि बाकीचं नंतर 'बघू' म्हणतात, तिथेच बजेट कोलमडतं. शिवाय 50 सेंट, 70 सेंट, 1 कॅरेट या टप्प्यांवर प्रतिकॅरेट भावच उडी मारतो, म्हणून 46 ते 48 सेंटचा चांगल्या कटचा हिरा आहे का, तेही विचारा.

प्रश्न : दुकानात लखलखणारा हिरा घरी आल्यावर मंद वाटतो. फसवणूक झाली का? (एक वाचक, महाल)

उत्तर : बहुधा दिव्यांची करामत. शोरूमच्या छोट्या स्पॉटलाइटखाली सुमार कटचा खडाही ठिणग्या टाकतो. हिरा दुकानाच्या दारापाशी, सावलीतल्या उजेडात बघायचा. आपल्याकडच्या मे महिन्याच्या थेट उन्हात मात्र नको, तिथे डोळेच दिपतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी तीव्र निळी फ्लोरोसन्स (अशा किरणांत स्वतः निळसर चमकण्याचा गुण) असलेला हिरा जास्त पांढरा वाटतो, आणि क्वचित दुधाळही. प्रमाणपत्रात फ्लोरोसन्सची ओळ असते, 'स्ट्राँग' लिहिलं असेल तर घासाघीस करा. सुटा खडा असेल तर पांढरा कागद दुमडून त्याच्या घडीत हिरा पालथा ठेवा आणि बाजूने बघा, रंग तिथे कळतो.

तक्रार करण्याआधी एकदा धुऊनही बघा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, आणि घासायचं मागच्या बाजूने. तेल आणि क्रीमचा थर तिथेच बसतो.

प्रश्न : सात-सात हिऱ्यांच्या कुड्या करायच्या आहेत. प्रत्येक हिऱ्याला प्रमाणपत्र मिळत नाही म्हणतात. बिलात काय तपासू? (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : एवढ्याशा हिऱ्यांना वेगवेगळं प्रमाणपत्र परवडतही नाही, पूर्ण दागिन्याचं एक मिळतं. बिलात एकूण वजन, हिऱ्यांचं वजन आणि निव्वळ सोनं वेगळं लिहून घ्या. 1 कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. समजा कुड्यांचं एकूण वजन 6.200 ग्रॅम आणि 14 हिरे मिळून 70 सेंट. हिऱ्यांचे झाले 0.140 ग्रॅम, सोनं 6.060. सोन्याचा भाव 6.200 वर लावला असेल, तर त्याच हिऱ्यांचे पैसे तुम्ही दोनदा देताय. 5 सेंटचा गोल हिरा साधारण 2.4 मिलिमीटरचा असतो, व्हर्निअर लावून खात्री करता येते.

इतक्या लहान खड्यांत जी-एच रंग आणि एसआय शुद्धता पुरे. 'ईएफ-व्हीव्हीएस'चा आग्रह खिशाला जड आणि डोळ्यांना निरुपयोगी. त्यापेक्षा सातही खडे एकसारखे आहेत का ते बघा, एक मंद निघाला की सगळी कुडी उतरलेली दिसते. कोंदण मागून उघडं घ्या. बंद कोंदणात रंग लपतो आणि मळ साचला तर निघत नाही. हॉलमार्क सोन्याबद्दलच बोलतो, हिऱ्याबद्दल नाही : 750 म्हणजे 18 कॅरेट सोनं, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकून पडताळता येतो.

प्रश्न : टेस्टर टुकटुकला म्हणजे हिरा नैसर्गिक ना? (एक वाचक, सदर)

उत्तर : नाही. पेनासारखा साधा टेस्टर उष्णता किती लवकर वाहून जाते एवढंच मोजतो. सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीचा लॅबमधला हिराही खरा हिराच, कार्बनचाच, त्यामुळे तोही पास होतो. मोइसनाइट, म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा, तेसुद्धा बऱ्याचदा पास होतं, पण भिंगाखाली थोडं तिरकं धरलं की त्याच्या मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. नैसर्गिक की लॅबचा हे प्रयोगशाळेतच ठरतं. गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर प्रमाणपत्राशी जुळवा आणि तो नंबर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा.

लॅबचा हिरा हौसेसाठी जरूर घ्या, त्याच पैशांत मोठा येतो. अडीनडीला मोडता येईल या हिशेबाने घेऊ नका. बायबॅकचा, म्हणजे दुकान हिरा परत विकत घेईल असा, शब्द तोंडी असेल तर तो नाही असं समजा, बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : खरा हिरा हातोडीने फुटत नाही, हे खरं का? (एक वाचक, वर्धमाननगर)

उत्तर : साफ खोटं, आणि करून बघू नका! हिऱ्यावर दुसऱ्या हिऱ्याखेरीज सहसा कशाने ओरखडा पडत नाही हे खरं, कठीणपणाच्या मोह्स मापावर तो 10 आहे. पण ठराविक दिशांनी घाव बसला तर तो चिरतो. ज्योतीच्या थेट तावानेही वरचा थर जळून पांढुरका होतो, मग पुन्हा पॉलिश करावं लागतं आणि वजन घटतं. म्हणून अंगठी सैल-घट्ट करायला देताना आधी खडा काढायला सांगा, आणि दुकानाच्या पावतीवर त्याचं वजन आणि गर्डलवरचा नंबर लिहून घ्या.