डेसिमल: दशांश की दशमान?

प्रश्न असा आहे: वेबवरच्या फॉर्मात भरलेला मजकूर 'डेसिमल नंबर'मध्ये बदलायचा, तर मराठीत 'दशांश संख्येत' म्हणावं की 'दशमान संख्येत'?

इंग्रजीत एकाच शब्दावर भागतं, मराठीत दोन आहेत. दशमान म्हणजे दहाच्या पायावरची पद्धत. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले ती नाणीही दशमानच. दशांश म्हणजे टिंबानंतरचा भाग, १२.७५मधला ७५.

जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेत 'पार्सइंट'ला (मजकुरातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनला) मजकुरापाठोपाठ १० देतात, ते दशमान. त्यातून दशांश मिळत नाही, "१२.७५"चे १२च होतात. (उदाहरणांतले आकडे इंग्रजी अंकांत टंकलेले धरा.) तो १० गाळला की जुने ब्राउझर सुरुवातीच्या शून्यामुळे "०८" अष्टमान (आठच्या पायावरचं) समजत, त्यात ८ हा अंकच नसतो, म्हणून उत्तर ०. जावास्क्रिप्टच्या २००९च्या पाचव्या प्रमाण आवृत्तीने हे थांबवलं. तरी १० लिहावाच, कारण "०एक्स"ने सुरू होणारा मजकूर आजही षोडशमान (सोळाच्या पायावरचा) धरला जातो.

दशांश हवा तर 'पार्सफ्लोट' किंवा 'नंबर'. पार्सफ्लोट जमेल तिथवर वाचतो आणि गप्प बसतो: "१,२५,०००.५०" दिलं तर पहिल्याच स्वल्पविरामाशी थांबून १ देतो. सव्वा लाखाचा एक रुपया, आणि तक्रार शून्य! नंबर तिथे सरळ 'नॅन' (म्हणजे 'ही संख्या नाही') देतो, म्हणून पैशाच्या रकान्यात तोच बरा. आधी स्वल्पविराम काढा. मात्र रिकाम्या मजकुराचा तो ० करतो, तेव्हा रकाना रिकामा आहे का हे त्याआधी तपासा.

मराठी कळफलकावरून आलेलं "१२५" यांपैकी कोणालाच वाचता येत नाही. युनिकोडमध्ये देवनागरी ० चा क्रमांक २४०६. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. गंमत म्हणजे संख्या स्थानिक पद्धतीने छापणाऱ्या 'टूलोकेलस्ट्रिंग'ला 'एमआर-आयएन' (भारतातली मराठी) दिलं की तो देवनागरी अंकच छापतो. म्हणजे पानाने स्वतः दाखवलेली रक्कम त्याच पानाला परत वाचता येत नाही. मूळ संख्या वेगळी जपावी.

तर अपूर्णांक टिकणार असेल तिथे 'दशांश संख्येत रूपांतर' लिहावं, नुसता पाया सांगायचा असेल तिथे 'दशमान'. पार्सइंटच्या माहितीत 'दशांश' लिहिलंत, तर वाचणारा ७५ पैसे शोधत बसेल.