परदेशी एलएलबी झालेल्या पोरीला आर्वीच्या कोर्टात वकिली करायची असेल तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पुतणी बारावीनंतर इंग्लंडात तीन वर्षांचं एलएलबी करून आली, आता वर्धा जिल्ह्यातल्या आपल्या आर्वीतच वकिली करायची म्हणते, आणि घरचे मोठे सांगतात, "सनद (वकिलीचा परवाना) काढा अन् कोट घाला, चांद्याचे (चंद्रपूरचे) राजाभाऊ खोब्रागडे नाही का बॅरिस्टर होऊन आले!" तो रस्ता बंद होऊन जमाना झाला. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम २४ मध्ये बॅरिस्टरांना सोय आहे, पण ३१ डिसेंबर १९७६ पर्यंत तिकडच्या बारमध्ये दाखल झालेल्यांनाच. आता इथे पाहतात ती कायद्याची पदवी, आणि तीही बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे देशातल्या वकिलीचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, मान्य केलेली.

म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठ मान्य आहे का हा, आणि दुसरा वर्षांचा. आपल्याकडे बारावीनंतर पाच वर्षं, नाहीतर आधी पदवी आणि मग तीन. पुतणीचं बारावीनंतर तीनच झालं, म्हणजे दोन वर्षं कमी पडतात. अशांसाठी बार कौन्सिलने दोन वर्षांचा ब्रिज कोर्स आणला आहे, गोव्याच्या विधी विद्यापीठात तो चालतो. शिवाय बार कौन्सिलची पात्रता परीक्षा वेगळी. ब्रिज कोर्स केला म्हणजे ती माफ, असं धरून चालू नका. लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एलएलबीवर एलएलएम केलेलं असलं तरी ही दोन वर्षांची कमी भरून निघत नाही. पासपोर्ट भारतीय आहे ना, तेवढं पाहा. नसेल तर त्या देशात आपल्या लोकांना वकिली करू देतात का, यावर गोष्ट जाते.

हे झाल्यावर महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद, आणि नंतर दोन वर्षांत एआयबीई, म्हणजे वकिलांची अखिल भारतीय परीक्षा, पास. ती मराठीतूनही देता येते. नावनोंदणीची फी खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं आहे. कोणी दलाल हजारोंची भाषा करू लागला तर चहासुद्धा न पिता उठा.

सनद येईपर्यंत तिने एखाद्या सिनियरकडे बसावं, मसुदे लिहावे, पण वकालतनाम्यावर सही करू नये आणि कोर्टात उभं राहू नये. सनदेशिवाय वकिली केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. "आपल्या गावात कोण पाहते" असं म्हणणारे भेटतीलच.

आता माझं खरं म्हणणं. परीक्षा पोरगी काढेल, हुशार दिसते. अडेल ती तहसीलमध्ये. आपल्याकडची निम्मी भांडणं पांदण रस्ता, धुरा (शेताचा बांध), फेरफार आणि वाटणीची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक (गावच्या पडीक जमिनीवर चराई, सरपण असे हक्क कोणाचे त्याची नोंद, कलम १६१) आणि वाजिब-उल-अर्ज (वाट, पाणी, मासेमारी अशा गावच्या वहिवाटींची नोंद, कलम १६५) यांचं प्रकरण फक्त विदर्भाला लागू आहे. पुण्या-मुंबईच्या वकिलालाही ते ठाऊक नसतं, लंडनचं सोडाच. त्यात पूर्वी वर्धा नदीच्या अलीकडे मालगुजारी (सारा गावच्या मालगुजारामार्फत), पल्याड वऱ्हाडात रयतवारी (सारा शेतकऱ्याकडून थेट सरकारला), म्हणून जुने कागद दोन तऱ्हेचे. कोर्टातले अर्ज, जबाब मराठीत. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागते, तेव्हा तिला दोन्ही वाचावी लागतील.

तूर्त विद्यापीठाकडून सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका, अभ्यासक्रम आणि नियमित हजेरीने शिकल्याचा दाखला मागवून घ्या. तिथून कागद यायला वेळ लागतो. तोवर तिला आठवड्यातून एक दिवस तहसीलसमोरच्या एखाद्या जुन्या अर्जनवीसाजवळ (लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याजवळ) बसवा, आणि घरच्याच शेताचे जुने फेरफार स्वतः वाचायला लावा.